सिस्टम घेत नाही!

जूनच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता, म्हणून तिच्या अब्बांबरोबर मी गावातल्या एका ऑनलाइन केंद्रावर गेलो. रांगेत दीड तास गेला. नंबर आला, तिथल्या पोराने भराभर बोटं चालवली आणि पडद्यावर लाल पट्टी आली. "नाव मॅच होत नाही, चाचा. सिस्टम घेत नाही." शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं आडनाव इंग्रजीत 'एस-एच-ए-आय-के-एच' आणि आधार कार्डावर 'एस-एच-ई-आय-के-एच'. बोलताना दोन्ही शेखच. गावातही शेख, मशिदीतही शेख, मतदार यादीत तर तिसऱ्याच स्पेलिंगने शेख.

अब्बा हात जोडून म्हणाले, "साहेब, बघा ना काही जमतंय का." तो पोरगा वाईट नव्हता. उलट ओशाळून म्हणाला, "मी काय करू? मला इथं फक्त लाल पट्टी दिसते." त्या पेटीसमोर आम्ही तिघं उभे. एक सेंटरिंगचं काम करणारा बाप, एक कॉम्प्युटर कोर्स पूर्ण केलेला तरुण आणि एक पदविकाधारक मी. आणि पेटी काय म्हणतेय, का म्हणतेय, हे तिघांपैकी कुणीही एकमेकांना समजावून सांगत नव्हतं. आम्ही मान खाली घालून परत आलो. बापाची दोन दिवसांची मजुरी नंतर आधार दुरुस्तीच्या रांगेत गेली ती वेगळीच.

पेटीच्या आत काय झालं ते सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी मोठ्या 'ए'चा आकडा ६५, 'ई'चा ६९. यंत्राने एका नावाचं पहिलं अक्षर घेतलं, दुसऱ्या नावाच्या पहिल्या अक्षरातून वजा केलं. बाकी शून्य. दुसरं अक्षर, पुन्हा शून्य. तिसऱ्याला बाकी आली ४. शून्य नाही म्हणजे नाव सारखं नाही, आणि नाव सारखं नाही म्हणजे लाल पट्टी. एवढंच झालं. शेवटची पायरी, म्हणजे बाकी शून्य नसेल तर लाल पट्टी दाखव, ही कुठल्यातरी कचेरीत पगारावर बसलेल्या एका माणसाने लिहिलेली होती. ती आकाशातून उतरलेली नव्हती.

आपल्या मोहल्ल्यांमध्ये संगणक शिक्षण नावाखाली जे चालतं, त्यात ही गोष्ट कुणीही शिकवत नाही, आणि याचा मला राग आहे. राग हा शब्द विचार करूनच वापरला आहे.

दर वर्षी दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यातल्या खांबांवर फलक लागतात. तीन महिन्यांत कॉम्प्युटर शिका. टायपिंग, टॅली, डीटीपी, इंटरनेट. पोरं-पोरी जातात, आईबाप फी भरतात, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागतं. या कोर्सांनी पोटं भरली आहेत, हे मी नाकारत नाही. दुकानात हिशेब लिहिणारी मुलगी, झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरणारा मुलगा, हे त्यातूनच उभे राहिले. पण त्या तीन महिन्यांत शिकवलं काय जातं? इथं क्लिक करा, मग इथं क्लिक करा, मग सेव्ह करा. पुढच्या वर्षी ते बटण दुसऱ्या कोपऱ्यात गेलं की शिकलेलं वाया. ज्याने फक्त बटणाची जागा पाठ केली त्याच्यासमोर लाल पट्टी आली, की त्याच्याकडे वाक्य एकच उरतं: सिस्टम घेत नाही.

मी मिरजेचा. इथं सतारमेकर गल्ली आहे. या गल्लीतली मुलं चालायला लागली की भोपळा कसा वाळवतात, तो कापून आतून कसा साफ करतात, दांडी कशी बसते, जवारी कशी घासतात हे बघत मोठी होतात. सगळी काही कारागीर होत नाहीत. पण सतार म्हणजे आत पोकळी असलेलं, हाताने घडवलेलं, बिघडलं तर उघडता येणारं एक लाकडी वाद्य आहे, हे त्यांना सांगावं लागत नाही. कुणी त्यांना म्हणालं की सतार आज वाजत नाही, तिची मर्जी नाही, तर ती पोरं हसतील. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण सगळे मर्जीची भाषा बोलतो. सर्व्हर डाउन आहे, मशीन अंगठा घेत नाही, सिस्टम दाखवत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण दुसऱ्यांना नावं ठेवण्यापूर्वी आपलं काढून दाखवलेलं बरं. नव्वदच्या दशकात मी पदविका केली. अभ्यासक्रमात ८०८५ मायक्रोप्रोसेसर होता. इंटेलने १९७६ साली काढलेली, चाळीस पायांची, साडेसहा हजार ट्रान्झिस्टरची चिप. प्रयोगशाळेत तिचा एक किट होता. हिरव्या पाटीवर बटणं, वर लाल आकड्यांची छोटी पट्टी. सर फळ्यावर आकडे लिहायचे, ३ई, ३२, ७६, आणि आम्ही ते दाबायचो. शेवटी पट्टीवर उत्तर आलं की वहीवर सही. ३ई म्हणजे 'पुढचा आकडा हातात घे' आणि ७६ म्हणजे 'थांब', हे तोंडी परीक्षेपुरतं पाठ होतं. पण तो आकडा वाचतं कोण, एक आकडा संपल्यावर दुसऱ्याकडे जायचं हे त्याला कसं कळतं, आणि ३ई ही आज्ञा आहे की नुसता आकडा हे तो कसा ओळखतो, हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. मीही विचारले नाहीत. मला प्रथम वर्ग मिळाला. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात ८०८५ शिकणारी मुलं भेटतात, तेव्हा मी त्यांना हेच विचारतो. बहुतेक वेळा 'सर्वांत मोठी संख्या शोधणे' हा प्रोग्रॅम ओळीन् ओळ पाठ असतो आणि या तीन प्रश्नांवर ती माझ्याकडे बघत राहतात. मी त्यांच्या वयात असाच बघत राहिलो असतो.

मला हे कळलं ते वयाच्या चाळिशीनंतर, एका अगदी साध्या खेळातून. इंग्रजीत त्याला 'लिटल मॅन कॉम्प्युटर' म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टुअर्ट मॅडनिक आणि जॉन डोनोव्हन यांनी १९६५ च्या सुमारास विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तो रचला. कल्पना अशी की संगणक म्हणजे एक बंद खोली. खोलीत एक छोटा माणूस. भिंतीवर ०० ते ९९ अशा शंभर पेट्या, प्रत्येक पेटीत तीन आकडी संख्या लिहिलेली एकच चिठ्ठी. टेबलावर एक कॅल्क्युलेटर. दारात दोन टोपल्या, एक आत येणाऱ्या आकड्यांची, एक बाहेर जाणाऱ्या. आणि हातात एक मोजणी यंत्र, आता कितव्या पेटीची पाळी आहे ते सांगणारं. छोट्या माणसाचं काम ठरलेलं. मोजणी यंत्र बघायचं, त्या नंबरच्या पेटीतली चिठ्ठी वाचायची, मोजणी एकने पुढे ढकलायची, चिठ्ठीत सांगितलं ते करायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. चिठ्ठीतला पहिला आकडा म्हणजे काय करायचं, उरलेले दोन म्हणजे कुठल्या पेटीशी. १ म्हणजे त्या पेटीतला आकडा मिळव. २ म्हणजे वजा कर. ३ म्हणजे हातातला आकडा त्या पेटीत ठेव. ५ म्हणजे त्या पेटीतला आकडा हातात घे. ६ म्हणजे थेट त्या पेटीकडे जा. ७ म्हणजे हातात शून्य असेल तरच जा. ८ म्हणजे हातातला आकडा शून्य किंवा अधिक असेल तरच जा. ९०१ म्हणजे आतल्या टोपलीतून आकडा उचल, ९०२ म्हणजे बाहेरच्या टोपलीत टाक. शून्याने सुरू होणारी चिठ्ठी म्हणजे थांब. संपलं. चार या आकड्याला काम दिलेलंच नाही.

इतक्या तुटपुंज्या आज्ञांवर संगणक चालतो? चालतो. १९४८ च्या २१ जूनला इंग्लंडमध्ये मँचेस्टरला ज्या यंत्राने पहिल्यांदा स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम चालवला, त्याला फक्त सात आज्ञा कळत होत्या आणि त्याची स्मृती बत्तीस ओळींची होती. टॉम किलबर्न यांनी लिहिलेला तो प्रोग्रॅम ५२ मिनिटं चालला. आपल्या खिशातला मोबाईल हेच काम सेकंदाला अब्जावधी वेळा करतो, आज्ञाही कितीतरी जास्त कळतात, पण चिठ्ठी उचल, वाच, कर, पुढची उचल हा फेरा तोच आहे.

या खेळाचे सिम्युलेटर आज इंटरनेटवर फुकट मिळतात, साध्या मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतात. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलच्या अभ्यासक्रमात हा शिकवला जातो. पण मी सुरुवात मोबाईलवर केली नाही. रविवारी सकाळी मोहल्ल्यातल्या वाचनालयात दहा-बारा मुलं येतात, आठवी ते अकरावीची, काही उर्दू माध्यमाची, काही मराठी. शंभर रिकाम्या काड्यापेट्या पानटपरीवाल्यांकडून जमवल्या, पुठ्ठ्यावर दहा-दहाच्या ओळीत चिकटवल्या. भाजीच्या दोन टोपल्या. मोजणी यंत्र म्हणून बोटात घालायचा तसबीहचा डिजिटल काउंटर आणला, तर पोरांनी पहिल्याच दिवशी दोष काढला की पुढे दाबता येतं, पण पेटी ४० वर उडी मारायची तर चाळीस वेळा दाबावं लागतं. मग पाटी-पेन्सिल घेतली. छोटा माणूस आळीपाळीने एकेकाने व्हायचं. त्याला नाव मुलांनीच ठेवलं, छोटू. चहाच्या टपरीवरचा. सांगितलेलं करणारा, का म्हणून न विचारणारा. हे नाव ऐकून मला कसंसंच झालं, पण मी ते बदललं नाही.

दोन आकड्यांची बेरीज हा पहिला धडा. ९०१, ३९९, ९०१, १९९, ९०२, ०००. पहिला आकडा घे, ९९ नंबरच्या पेटीत ठेव, दुसरा घे, त्यात ९९ मधला मिळव, बाहेर टाक, थांब. सहा चिठ्ठ्या. सगळ्यांना जमलं. मग नववीतल्या एका मुलीने आपलं डोकं चालवलं. ९९ नंबरची पेटी पुठ्ठ्याच्या पार खालच्या टोकाला, वाकायला लागतं, म्हणून तिने आकडा ठेवायला पाच नंबरची पेटी निवडली. चिठ्ठ्या झाल्या ९०१, ३०५, ९०१, १०५, ९०२, आणि पाच नंबरच्या पेटीत ०००. छोटूला दिले ७ आणि ५. त्याने ७ पाच नंबरच्या पेटीत ठेवले. पेटीत एकच चिठ्ठी मावते, म्हणून आधीची ००० काढून टाकली. बेरीज केली, १२ बाहेर टाकले, पाच नंबरची पेटी उघडली. आत ००७. शून्याने सुरू होतं, म्हणजे थांब. तो थांबला. उत्तर बरोबर, टाळ्या.

मग एका खोडकर पोराने ६०० आणि ५० दिले. छोटूने ६५० बाहेर टाकले, पाच नंबरची पेटी उघडली, आत ६००. सहा म्हणजे जा, शून्य शून्य म्हणजे पहिली पेटी. तो बिचारा पुन्हा पहिल्या पेटीकडे गेला आणि आकड्यासाठी हात पुढे करून उभा राहिला. थांबेचना. एकच गोंधळ झाला. छोटू चुकला, असं काही म्हणाले. छोटू म्हणाला, मी चिठ्ठीत आहे तेच केलं. प्रोग्रॅम चुकला म्हणावं, तर मघाशी त्यानेच टाळ्या घेतल्या होत्या. ६०० हा आकडा चुकीचा म्हणावं, तर ६०० मध्ये चूक काय? पाऊण तास भांडण चाललं, मी मध्ये पडलो नाही. शेवटी त्या मुलीनेच सांगितलं, "सर, मी आकडा हुकुमाच्या जागेवर ठेवला. छोटूला काय माहीत तो आकडा आहे का हुकूम आहे."

पदविकेच्या तीन वर्षांत जे मला कुणी सांगितलं नाही ते हे. यंत्राच्या पोटात आकडा आणि आज्ञा यांच्यात फरक नसतो. जिथं पाळी येते तिथला आकडा आज्ञा होतो. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम हजारो यंत्रांत शिरला, त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक हीच होती. ठरल्यापेक्षा लांब माहिती पाठवायची, ती आपल्या जागेतून उतू जाऊन भलत्या जागी सांडेल आणि यंत्र तिलाच आज्ञा समजेल. नववीतल्या मुलीने ही खिंड काड्यापेट्यांत शोधून काढली, ती वाकायचा कंटाळा आला म्हणून.

पुढच्या रविवारी मी शेखचं प्रकरण आणलं. ज्या मुलीचा फॉर्म अडला होता तीही आली होती. मुलांना सांगितलं, दोन अक्षरांचे आकडे टोपलीत येतील, सारखे असतील तर बाहेर १ टाका, नसतील तर ०. अकरा चिठ्ठ्यांत काम झालं. पहिला आकडा ९९ मध्ये, दुसरा हातात, २९९ म्हणजे वजा, मग ७०८ म्हणजे शून्य असेल तर आठव्या पेटीकडे. आठव्या पेटीपासून 'हो'ची वाट, नाहीतर पाचव्या पेटीपासून 'नाही'ची. 'नाही'च्या वाटेवर छोटू वीस नंबरच्या पेटीतला आकडा उचलून बाहेर टाकतो, तिथं आम्ही ० ठेवला होता. ६५ आणि ६९ दिले. बाकी ४. छोटूने ० बाहेर टाकला. वाचनालयात थोडा वेळ कुणी बोललं नाही. ज्याला अब्बांनी हात जोडले होते ते हे होतं.

मग त्या मुलीने वीस नंबरची पेटी उघडून शून्याच्या जागी २ लिहिला. "२ म्हणजे, माणसाला दाखवा," ती म्हणाली. बाकी सगळ्या चिठ्ठ्या होत्या तशाच.

एक पेटी बदलली. नाव जुळलं नाही तर थेट फेटाळण्याऐवजी कुणा माणसाच्या टेबलावर पाठवायला खऱ्या यंत्रणेत यापेक्षा जास्त काम लागतं, माणसं नेमावी लागतात, पैसा लागतो, हे मला मान्य आहे. पण ते 'सिस्टम घेत नाही' नव्हे. ते 'आम्ही असं ठरवलं आहे' होय. पहिल्या वाक्यावर मान खाली घालून घरी जावं लागतं. दुसऱ्यावर विचारता येतं की कुणी ठरवलं, कुठं लिहिलंय, अर्ज कुणाकडे करायचा. ज्यांची नावं अरबी-फारसीतून दख्खनीत, दख्खनीतून मराठीत आणि तिथून कारकुनाच्या मर्जीने इंग्रजीत जातात, त्यांना या फरकाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. मोहम्मद किती प्रकारे लिहितात ते आपल्याच घरातली कार्डं काढून मोजा. गरज आपल्याच लोकांना आहे असंही नाही. काम करून बोटांच्या रेषा झिजलेली कुठलीही बाई रेशनच्या मशीनसमोर उभी राहते तेव्हा तिलाही हेच ऐकावं लागतं.

आता आक्षेप. माझ्या एका इंजिनियर मित्राने हे ऐकून खांदे उडवले. म्हणाला, हे खेळणं आहे, खरा प्रोसेसर असा नसतो. बरोबर आहे. खरा प्रोसेसर दशमान नव्हे, शून्य-एकची भाषा बोलतो. तो एका वेळी अनेक चिठ्ठ्या हाताळतो, पुढची आधीच उचलून ठेवतो, जवळ छोटं कपाट ठेवतो. यातलं काहीही काड्यापेट्यांत नाही. पण ही सगळी धांदल तो फेरा लवकर व्हावा म्हणूनच आहे, आणि फेराच माहीत नसेल तर धांदल कशासाठी ते कळणार नाही. ज्याला पुढे जायचं त्याने ८०८५ चा सिम्युलेटर घ्यावा, तोही फुकट आहे. आता ३ई कुठून वाचला जातो ते दिसेल. त्याहून खोल जायचं तर नोआम निसान आणि शिमॉन शॉकन यांचा अभ्यासक्रम आहे, साध्या नँड गेटपासून अख्खा संगणक आपल्या हाताने सिम्युलेटरमध्ये उभा करायचा. आमच्यातला अकरावीचा एक मुलगा तिथपर्यंत गेला आहे आणि अडकला आहे, आणि अडकून खूश आहे.

दुसरा आक्षेप जमातीतल्या वडीलधाऱ्यांचा: याने नोकरी लागते का? नाही लागत. काड्यापेटीच्या प्रोग्रॅमवर कुणी पगार देत नाही. पण मी उलट विचारतो, तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर आता किती पगार मिळतो? जे काम 'इथं क्लिक करा' इतकंच आहे ते माणसाकडून आधी काढून घेतलं जाणार, आणि घेतलं जातंही आहे. आपण पिढीभर पोरांना छोटू व्हायला शिकवलं, आणि आता खराखुरा छोटू कमी पैशांत मिळू लागला.

तिसरा आक्षेप ताजा आहे, तरुणांचा. आता एआय प्रोग्रॅम लिहितो, आत काय चालतं ते शिकून काय करायचं? हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते हुशार असतात. प्रोग्रॅम एआयने लिहिला तरी चालवणारा छोटूच आहे. त्या मुलीचा पहिला प्रोग्रॅम ७ आणि ५ ला बरोबर होता. कुणीतरी ६०० देऊन बघायला हवं होतं, आणि ६०० दिल्यावर छोटू का थांबत नाही हे सांगायला पाच नंबरची पेटी आत काय करते ते माहीत हवं होतं. यंत्राने लिहिलेलं तपासायला ज्याच्याकडे ही समज नाही, तो एआयसमोर तसाच हात जोडून उभा राहील, जसे अब्बा त्या केंद्रावर राहिले. त्याचा फोन फक्त महागडा असेल.

आणि एक आपल्या जलशांमधला आवडता विषय. व्यासपीठावर कुणी ना कुणी उठतोच आणि सांगतो की अल्गोरिदम हा शब्द आपल्या अल-ख्वारिज्मींच्या नावावरून आला, म्हणजे संगणक आपलाच. शब्दाचं खरं आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बसून त्यांनी भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या लॅटिन रूपातून त्यांचं नाव युरोपभर फिरलं. पण टाळ्या वाजवून घरी जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्यांनी ती पद्धत हिंदी म्हणूनच मांडली, आमची म्हणून नव्हे. आणि बीजगणितावरच्या आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी सांगितलं आहे की हे लोकांच्या वारसाच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी यांतल्या अडचणींसाठी लिहिलं. म्हणजे रोजच्या माणसाला कचेरीतल्या हिशेबाने फसवू नये म्हणून. त्यांच्या नावाने छाती फुगवणाऱ्या गल्लीत एका आडनावाच्या दोन स्पेलिंगांची वजाबाकी कुणाला सांगता येत नाही, हे बघून ते काय म्हणाले असते ते मी लिहीत नाही.

फार दूर जायचीही गरज नाही. मुंबईत टीआयएफआरमध्ये पन्नासच्या दशकात आर. नरसिंहन यांच्या गटाने आपला संगणक आपणच जोडला, १९६० मध्ये तो चालू झाला आणि १९६२ मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळालं. विकत घ्यायला पैसे आणि परकीय चलन नसणं ही त्यांची अडचण होती. आमची अडचण वाचनालयाचं वीजबिल आहे. त्यावरही उपाय जुनाच आहे. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जने शाळांना 'कार्डियाक' नावाचा पुठ्ठ्याचा संगणक वाटला होता, सरकत्या पट्ट्यांचा, शंभर घरांचा, दहा आज्ञांचा. कुठल्या घराची पाळी आहे ते दाखवायला त्यात पुठ्ठ्याचा एक किडा होता, तो पोरांनी हाताने पुढे सरकवायचा. आज ज्या शाळेत संगणक कक्षाला कुलूप आहे, आणि अशा शाळा कुठं नाहीत, तिथं किल्ली येईपर्यंत थांबायचं कारण नाही.

शिक्षकांपैकी कुणी हे वाचत असेल तर थोडं हिशेबाचं. पुठ्ठा पुस्तकाच्या दुकानात फुकट मिळतो. काड्यापेट्या जमायला आम्हाला तीन आठवडे लागले, कारण लोक हल्ली लायटर वापरतात. चिठ्ठ्या सरळ मराठीत लिहा, मिळव, वजा कर, ठेव, उचल, जा, शून्य असेल तर जा. उर्दूत लिहिल्या तरी चालतं, आम्ही दोन्ही केलं. इंग्रजी लागलं ते फक्त मोबाईलवरच्या सिम्युलेटरकडे गेल्यावर, आणि तोवर मुलांना शब्दामागचं काम माहीत होतं. पहिल्या दिवशी स्वतः छोटू होऊ नका, मुलांना होऊ द्या. आणि कुणी पाच नंबरच्या पेटीत आकडा ठेवला तर लगेच दुरुस्त करू नका.

तो फॉर्म शेवटच्या तारखेला, संध्याकाळी साडेपाचला गेला. आधारची दुरुस्ती आली होती. केंद्रावर तोच पोरगा होता. या वेळी हिरवी पट्टी आली. तो म्हणाला, "घेतलं बघा सिस्टमने." मुलगी म्हणाली, "बाकी शून्य आली म्हणून घेतलं." त्याला काही कळलं नाही. पुढच्या रविवारी तोही वाचनालयात आला होता. अजून तरी मागच्या बाकावरच बसतो.